प्रवासासाठी टॅब आणि त्यातले सिम: ठाणे-कणकवली येण्याजाण्यातून ठरलेली निवड

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रात्री वडिलांना धाप लागली, म्हणून आम्ही त्यांना कणकवलीतल्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधीचा टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि चालू औषधांची यादी मागितली. दोन्ही कागद मी स्वतः स्कॅन करून क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या साठ्यात, ठेवले होते आणि टॅब माझ्या हातातच होता. पण तो टॅब केवळ वायफायवर चालणारा होता, फोनचा हॉटस्पॉट लावल्याशिवाय त्याला नेट मिळत नसे, आणि दवाखान्याच्या त्या मधल्या बोळात माझ्या फोनलाच रेंज नव्हती. एकोची तारीख, तपासणीचे ठिकाण, सगळे मीच दिलेल्या फाइलच्या नावात वाचता येत होते. खालचे पान मात्र करडेच राहिले. मी बोळाच्या टोकापर्यंत जाऊन फोन खिडकीबाहेर धरून पाहिला. शेवटी तिथल्या सिस्टरनी स्वतःचा फोन पुढे केला आणि म्हणाल्या, "ताई, माझा हॉटस्पॉट लावून बघा, इथे आमच्या कंपनीची रेंज येते." मिनिटभराच्या आत अहवाल उघडला. त्यांच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम होते, एवढाच काय तो फरक.

या अनुभवानंतर मी तो टॅब बदलायचा ठरवला आणि तीन महिने चौकशी करून मे महिन्यात नवा घेतला. तो सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस आहे, सिम घालता येणारा ५जी प्रकार. पावसाळा आणि गणपती धरून त्यानंतरच्या आठ महिन्यांच्या वापरावर हे लिहीत आहे. टॅब कोणता घ्यावा, असे मला आता अनेक जण विचारतात, आणि मी प्रत्येकाला आधी विचारते, की तुमचा फोन बंद पडला किंवा त्याची रेंज गेली, तर टॅबला नेट कुठून मिळणार? याचे उत्तर ठरल्याशिवाय पडदा, प्रोसेसर आणि कॅमेरा यांची तुलना करण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी गरज आधी सांगते, म्हणजे ज्याची गरज वेगळी आहे त्याला आपला निर्णय वेगळा घेता येईल. मी ठाण्यातल्या नौपाड्यात राहते आणि लहान व्यापाऱ्यांच्या हिशेबाचे व जीएसटीचे काम करते. आई-वडील कणकवलीजवळच्या गावी असतात, त्यामुळे महिन्यातून एकदा मांडवी एक्स्प्रेसने किंवा, तिकीट मिळाले तर, वंदे भारतने ठाण्याहून जाते आणि चार-पाच दिवस राहते. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीच्या तपशिलाचे विवरणपत्र) आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) यांची मुदत असते. वडिलांची तब्येत या तारखा पाहून बिघडत नाही. म्हणजे मला गाडीत आणि गावात एक्सेलची पाने नीट दिसतील असा पडदा, दिवसभर पुरणारी बॅटरी आणि फोनवर अवलंबून नसलेले नेट, या तीन गोष्टी हव्या होत्या. चित्रपट, खेळ, चित्रकला यांपैकी काहीही माझ्या यादीत नव्हते.

गोखले रोडवरच्या दोन दुकानांत आणि वाशीच्या एका मॉलमध्ये मी टॅब हाताळून पाहिले. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता, "बजेट किती?" सिमवाला टॅब मागितला की विक्रेता थोडा अडखळे, कारण तो बहुधा दुकानात शिल्लक नसे. एकाने मला मनापासून समजावले, "मॅडम, उगाच जास्त पैसे कशाला घालता, घरी वायफाय आणि बाहेर हॉटस्पॉट आहेच की." त्याचे म्हणणे शहरात फिरणाऱ्या माणसाच्या बाबतीत खरे आहे. ठाण्याहून चर्चगेटला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याने सिमवाल्या टॅबसाठी खरोखरच जास्तीचे पैसे घालू नयेत.

लांबच्या प्रवासात मात्र हॉटस्पॉटचे तीन दोष एकदम वर येतात. फोनची बॅटरी भराभर उतरते, आणि रेंज कमजोर असेल तर आणखीच लवकर, कारण टॉवर शोधत राहण्यात फोनची शक्ती खर्च होते. ज्या फोनवर घरचे, डॉक्टरांचे आणि बँकेच्या ओटीपीचे सगळे अवलंबून आहे, तोच आधी मान टाकतो. दुसरे असे, की फोनला रेंज नसली की टॅबलाही नाही. आणि तिसरा दोष तर मला पैसे गेल्यावरच कळला. टॅबच्या दृष्टीने फोनचा हॉटस्पॉट म्हणजे बऱ्याचदा घरचे वायफायच असते, त्यामुळे घरी ज्या गोष्टी आपोआप होऊ देतो, म्हणजे फोटो वर चढवणे, ॲप अद्ययावत करणे, त्या सगळ्या तो गाडीतही सुरू करतो. माझ्या जुन्या टॅबने एका सकाळी पनवेल सुटल्यापासून चिपळूण येईपर्यंत फोनचा दिवसाचा सगळा डेटा फोटोंमध्ये संपवला होता. हॉटस्पॉटच वापरायचा असेल तर आयपॅडमध्ये त्या जोडणीसाठी लो डेटा मोड सुरू करावा आणि अँड्रॉइडमध्ये ती जोडणी मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाची, म्हणून नोंदवावी. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते घरून निघण्यापूर्वी करायचे असते.

आयपॅडचा विचार मी मनापासून केला होता, कारण त्याचा पडदा डोळ्यांना फार सुखाचा वाटतो आणि तो वर्षानुवर्षे चालतो, हे मी बहिणीकडे पाहते आहे. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ए१६ चिपच्या साध्या आयपॅडची किंमत वायफाय प्रकारासाठी ३४,९०० रुपये आणि मोबाइल नेट असलेल्या प्रकारासाठी ४९,९०० रुपये होती, म्हणजे केवळ नेटच्या सोयीसाठी १५,००० रुपये जास्त. हा फरक मोठा आहेच, पण त्या पैशांत आणखी एक गोष्ट मिळते, जी दुकानात कोणी सांगत नाही: वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते. तो आसपासच्या वायफायवरून जागेचा अंदाज करतो, आणि घाटात आसपास वायफाय कुठून असणार? ज्यांना गाडीत नकाशा लावायला आयपॅड हवा आहे, त्यांनी वायफायचा प्रकार घेऊच नये. अँड्रॉइडच्या बऱ्याच टॅबमध्ये वायफाय प्रकारातही जीपीएस असते. तरीही खोक्यावर ते लिहिलेले आहे ना, हे वाचून घ्यावे.

मी आयपॅड सोडला तो किमतीपेक्षाही सिमच्या प्रकारामुळे. या आयपॅडमध्ये सिम घालायची खाचच नाही, केवळ ई-सिम, म्हणजे यंत्रातच असलेले, कार्ड नसलेले सिम चालते. शहरात ते सोयीचे आहे आणि हरवण्याचीही भीती नाही. पण गावी एका कंपनीची रेंज गेली आणि दुसऱ्या कंपनीचे सिम लागले, तर प्लास्टिकचे सिम या यंत्रातून काढून त्या यंत्रात घालता येते. नवे ई-सिम चढवायचे म्हणजे आधी कुठून तरी नेट मिळवावे लागते, आणि अडचण तर नेट नसण्याचीच असते. जुलैमध्ये आईचा फोन पाण्यात पडला तेव्हा तिचे सिम मी दोन दिवस माझ्या टॅबमध्ये घातले होते, म्हणून गॅस नोंदणीचा आणि बँकेचा संदेश आम्हांला वाचता आला. आयपॅडवर आपल्या सिमचे साधे एसएमएस येत नाहीत आणि साधा कॉलही होत नाही, हेही लक्षात ठेवावे. अँड्रॉइडच्या सिमवाल्या टॅबमध्ये सहसा एसएमएस येतो, काहींवरून साधा कॉलही करता येतो; दुकानात स्वतःचे सिम घालून दोन्ही तपासावे. ज्या दुकानातून मी टॅब घेतला, तिथल्या मुलाने स्वतःच्या फोनचे सिम काढून त्यात घातले, समोर संदेश मागवून दाखवला आणि मगच बिल केले. मी त्याच दुकानात का गेले, याचे उत्तर त्या पाच मिनिटांत आहे.

आकाराच्या बाबतीत माझा सुरुवातीचा अंदाज चुकला होता. प्रवास म्हणजे लहान टॅब, असे समजून मी आधी ८.७ इंचांचा गॅलॅक्सी टॅब ए९ हातात घेतला होता. त्याचे वजन ३३२ ग्रॅम आहे आणि तो पर्समध्ये सहज मावतो. वाचन करणाऱ्याला, मालिका पाहणाऱ्याला किंवा साइड अप्परवर पडून पुस्तक उघडणाऱ्याला तोच द्यावा. एक्सेलमध्ये मात्र त्यावर पाच रकाने दिसतात आणि सहावा पाहायला बोट सरकवावे लागते, आणि बोट सरकवताना हटकून भलत्याच चौकटीवर टेकते. अकरा इंचांच्या ए९ प्लसचे वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर आहे. तो हातात धरून तासभर काम होत नाही, पण वंदे भारतच्या आसनामागच्या फळीवर तो नीट उभा राहतो, आणि मांडवीत मी तो मांडीवरच्या पिशवीला टेकवते.

या टॅबविषयी थोडक्यात सांगायचे तर तो २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला आहे, म्हणजे मी घेतला तेव्हाच नवा नव्हता, आणि त्यामुळेच परवडला. बॅटरी ७०४० एमएएचची आहे. सकाळी आठच्या सुमारास ठाण्याला बसून दुपारी कणकवलीला उतरेपर्यंत हिशेबाचे काम, मेल आणि अधूनमधून नकाशा एवढ्या वापरात ती पुरून उरते. चार्जिंग १५ वॅटचे आहे, त्यामुळे रात्रभर लावून ठेवायची सवय करावी. निघताना अर्ध्या तासात भरून घेऊ, असे त्यात होत नाही. बोटाच्या ठशाने उघडण्याची सोय नाही. पडदा एलसीडी आहे, आयपॅडइतका देखणा नाही. घेताना किमान ८ जीबी रॅमचाच प्रकार घ्यावा, कारण जीएसटीचे पोर्टल, एक्सेल आणि व्हॉट्सॲप एकदम उघडे ठेवणाऱ्याला ४ जीबी अपुरी पडते. बाजूच्या लहान छिद्रात पिन दाबली की ट्रे बाहेर येतो. त्यात एका जागी नॅनो सिम बसते आणि शेजारच्या जागी मेमरी कार्ड. ही दुसरी जागा मला सिमइतकीच मोलाची वाटते, कारण वडिलांचे सगळे अहवाल आता त्या कार्डावरही आहेत आणि ते उघडायला कुठल्याच नेटची गरज नाही.

आता सिमविषयी, आणि यावर मी टॅबपेक्षाही जास्त वेळ घालवला. ठाणे दूरसंचाराच्या मुंबई परिमंडळात (म्हणजे सेवेच्या विभागात) येते आणि कणकवलीचा सिंधुदुर्ग जिल्हा महाराष्ट्र-गोवा परिमंडळात. आपल्या घरी एखाद्या कंपनीची रेंज उत्तम आहे, यावरून गावी ती कशी असेल हे मुळीच सांगता येत नाही. कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर आता सेवाक्षेत्राचे नकाशे दिलेले आहेत, त्यांवर गावाचे नाव घालून पाहता येते. पण डोंगराच्या कुशीतले घर आणि रस्त्यालगतचे घर यांत नकाशा फरक करत नाही. म्हणून मी गावातल्या किराणा दुकानदाराला, एसटीच्या थांब्यावरच्या रिक्षावाल्यांना आणि पोस्टमनला विचारले, की तुमच्याकडे कोणते सिम आहे आणि घराच्या आत बोलता येते का. पोस्टमनचे उत्तर सर्वांत उपयोगी पडले, कारण ते वाडीवाडीत फिरतात आणि कुठल्या वळणावर फोन लागतो हे त्यांना पाठ असते.

त्यावरून ठरलेला नियम साधा आहे: फोनमध्ये ज्या कंपनीचे सिम आहे, तिचे टॅबमध्ये घालायचे नाही. पोस्टपेडच्या कुटुंब योजनेत जोडसिम स्वस्तात मिळते, तेव्हा मोह होतो. मलाही झाला होता. पण जोडसिम घेतले तर दोन्ही यंत्रे एकाच टॉवरकडे पाहत बसतात आणि तो टॉवर गेला की दोन्ही एकदमच मुकी होतात. वेगळ्या कंपनीचे सिम महिन्याला थोडे महाग पडते, आणि ते पैसे मी आनंदाने भरते.

प्लॅन निवडताना एक गोष्ट नीट पाहावी. आपल्याकडचे बहुतेक प्लॅन रोज दीड किंवा दोन जीबी अशा मापाचे असतात आणि प्रवासी माणसाचा वापर तसा रोजच्या मापाचा नसतो. ठाण्यात असताना घरच्या वायफायमुळे टॅबचा डेटा पंचवीस दिवस तसाच पडून राहतो आणि गावी गेल्यावर एका दुपारी दोन जीबी संपतात. मग बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात व्हॉट्सॲपचा लेखी निरोप जातो, बाकी काही होत नाही. म्हणून टॅबसाठी रोजच्या मर्यादेचा नव्हे, तर महिन्याभराचा डेटा एकत्र देणारा प्लॅन घ्यावा. शिवाय २८ दिवसांच्या प्लॅनचे वर्षात तेरा रिचार्ज होतात, हे हिशेब करताना विसरू नये. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमामुळे प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचाही किमान एक प्लॅन ठेवावा लागतो. ज्यांना गाडीत मालिका पाहायच्या आहेत त्यांच्यासाठी एक माप: नेटफ्लिक्स मध्यम दर्जावर तासाला सुमारे ०.७ जीबी आणि उच्च दर्जावर एचडीत ३ जीबीपर्यंत डेटा घेते. घरच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून ठेवणे केव्हाही बरे.

५जीसाठी म्हणून जास्त पैसे घालू नयेत. ५जी ठाण्यात वेगवान चालते आणि काही मोठ्या प्लॅनवर ५जीचा डेटा मोजलाही जात नाही, हा फायदा खरा आहे. पण माझ्या गावच्या ओसरीवर जे मिळते ते ४जीच, आणि जीएसटीचे विवरणपत्र भरायला ते पुरेसे आहे.

कोकण रेल्वेच्या मार्गावर कोणत्याही टॅबकडून आणि कोणत्याही सिमकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. रोह्यापासून पुढे ७४१ किलोमीटरच्या त्या मार्गावर ९१ बोगदे आहेत, आणि रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. त्यात शिरले की रेंज जाते, जीपीएसही जाते, आणि पाच-सहा मिनिटे नकाशावरचा निळा ठिपका गाडी शिरली त्याच तोंडाशी उभा राहतो. विवरणपत्र सादर करण्याचे बटण मी चिपळूण सोडल्यावर रत्नागिरीपर्यंत कधीच दाबत नाही. मजकूर भरून ठेवते आणि रत्नागिरी स्थानकावर गाडी उभी असताना ओटीपी मागवते. गुगल मॅप्सचा आपल्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवला तर नेटशिवायही मोटारीचा रस्ता दाखवतो. पायी जाण्याचा मार्ग मात्र तसा मिळत नाही. स्थानकांवरच्या रेलटेल या रेल्वेच्या कंपनीच्या मोफत वायफायचा पहिला अर्धा तास फुकट असतो, पण त्यासाठी ओटीपी फोनवर येतो आणि गाडी थांबते दोन-पाच मिनिटे, म्हणून मी त्याचा विचार सोडून दिला.

गणपतीत खरी परीक्षा झाली. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि दोन दिवस आधीपासून मुंबई-ठाण्याची माणसे गावात उतरली. अशा दिवसांत पडद्यावर रेंजच्या चारही दांड्या दिसतात आणि पान तरीही उघडत नाही, कारण टॉवर जवळ आहे पण त्यावर दहापट माणसे लटकली आहेत. आरतीच्या वेळी माझा फोन पूर्ण अडकला होता. टॅबमधल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर पुण्यातल्या भावाला व्हिडिओ कॉल लागला, मधून मधून चित्र थिजत होते, पण त्याला आरती ऐकू आली आणि वडिलांचा चेहरा दिसला. पहाटे पाच ते सात या वेळात दोन्ही सिम उत्तम चालत, म्हणून कामाचे मेल मी तेव्हाच पाठवत असे.

माझी ही निवड सगळ्यांना लागू पडणार नाही. परदेशी जाणाऱ्याने ई-सिम असलेला टॅब घ्यावा, कारण तिथला डेटा घरच्या वायफायवर बसून आधीच विकत घेता येतो आणि विमानतळावर रांग लावावी लागत नाही. जम्मू-काश्मीरला जाणाऱ्याने आपले सिम पोस्टपेड आहे ना, हे पाहावे. इतर राज्यांतले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, आणि हे श्रीनगरला उतरल्यावर कळले तर पूर्ण सहल फोनशिवाय जाते. ज्यांच्याकडे चांगला वायफायचा टॅब आधीच आहे, त्यांनी तो विकण्याऐवजी खिशात मावणारे हॉटस्पॉटचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या सिमसह घ्यावे. चार्ज करायला एक वस्तू वाढते, पण घरातल्या तीन-चार जणांना एकदम नेट मिळते.

नोव्हेंबरमध्ये वडिलांना त्याच दवाखान्यात नेहमीच्या तपासणीसाठी नेले होते. बोळात फोनला तेव्हाही रेंज नव्हती. टॅबवर दोन दांड्या होत्या. नवा एको मी तिथेच बाकावर बसून स्कॅन केला, ठाण्याच्या डॉक्टरांना पाठवला आणि आमची पाळी येण्याआधी गोळीची मात्रा कमी करण्याविषयीचे त्यांचे उत्तर आले.